डावीकडचा ब्रेक

मामा,

तुझ्या दहाव्याला गोदावरीच्या घाटावर माइक लावला होता. प्रवचन झालं आणि मग एकेक जण उठून बोलायला लागला. सगळ्यांचा सूर एकच होता. हा माणूस कधी चिडला नाही, कधी आवाज चढवला नाही, शिकणाऱ्याने गटारात चाक घातलं तरी हसत राहिला. एका पुढाऱ्याने तर तुला स्थितप्रज्ञ म्हटलं. तुझ्याकडेच गाडी शिकलेला हा पुढारी अजूनही रिव्हर्स घ्यायच्या आधी खाली उतरून मागे बघून येतो. तू असतास तर माझ्या कानाशी वाकून म्हणाला असतास, "म्याडम, ह्याला आधी मागं घ्यायला शिकवा."

मी बायकांमध्ये मागे बसले होते. मला रडू येत नव्हतं, चीड येत होती. ती अजून गेलेली नाही. तू शांत होतास हे खरंच आहे. पण तुझ्या शांतपणामुळे आजूबाजूच्या माणसांचं डोकं किती फिरायचं, हे माइकवर कोणी बोललं नाही. मी बोलणं शक्यच नव्हतं. चार माणसांसमोर माझा आवाज घशातच राहतो, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे.

तुझं हे स्टोइक प्रकरण माझ्याच फोनवरून सुरू झालं. तुझ्या मुलांची, म्हणजे तुझ्याकडे शिकणाऱ्यांची, लायसन्सची टेस्ट होती आणि आपण दोघं झाडाखाली गाडी लावून थांबलो होतो. तू काहीतरी व्हिडिओ बघत होतास, इंग्रजी अर्धं कळत होतं. "मग तुज्या इंग्लिश मीडियमचा उपयोग काय?" असं म्हणून फोन परत माझ्या हातात दिलास. मी त्याबद्दल वाचून वाचून सांगत गेले. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये आणि रोममध्ये स्टोइक म्हणवणारी माणसं होती. त्यांच्यात एक बादशहा होता आणि एक गुलाम होता, आणि दोघेही एकच गोष्ट सांगत होते. हे ऐकून तू मांडीवर थाप मारलीस. "म्हनजे मालक आन ड्रायव्हर एकाच गाडीत!"

ती एकच गोष्ट मी माझ्या अडखळत्या मराठीत सांगितली. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपण काय समजतो, काय ठरवतो, काय करतो, एवढंच आपलं. बाकीचं, म्हणजे लोक काय बोलतील, शरीराला काय होईल, नशिबात काय येईल, ते आपलं नाही, आणि जे आपलं नाही त्याच्यामागे जीव जाळायचा नाही. तू समोरच्या काचेतून बघत बसलास. मग म्हणालास, "स्टेअरिंग, क्लच, ब्रेक, आरसा आपला. रस्ता आपला न्हाई. बरोबर का?"

बरोबर होतं. इतकं सोपं मला त्या इंग्रजीतही सापडलं नव्हतं. पण त्या दिवशी मी "बरोबर" म्हणाले आणि पुढची काही वर्षं ते भोगत राहिले.

कारण तू ते सोडलंच नाहीस. माझा फोन पाण्याच्या टाकीत पडला, तर तू विचारलंस, "म्याडम, आता तुज्या हातात काय हाय?" मी म्हटलं, "ओला फोन आहे." तर म्हणे, "आन तुजं डोकं. ते कोरडं ठेव." शिकायला आलेली एखादी बाई चौकात गाडी बंद पाडायची, मागून ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून शिव्या घालायचा, आणि तू तिला सांगायचास, "हॉर्न त्याचा हाय, कान तुजा हाय. चावी फिरव." सकाळी गाडी काढायच्या आधी डोळे मिटून बसायचास आणि दिवसभरात काय काय वाईट होईल ते मोठ्याने म्हणायचास. आज एक कुत्रं आडवं येणार. आज एक जण क्लच जाळणार. आज एक बाई रडणार. मामी दारातून ओरडायची, "अहो, देवाचं नाव घ्या, कुत्र्याचं काय घेताय!" त्यावर तू शांतपणे सांगायचास, की वाईट आधीच मनात येऊन गेलं की प्रत्यक्ष येतं तेव्हा ओळखीचं वाटतं. "सायलीचे रोमन पाव्हने असंच करायचे."

माझे पाहुणे. जसं काही मीच त्यांना राहात्याहून बसमध्ये बसवून तुझ्याकडे कोपरगावला आणलं होतं.

मला बघायला श्रीरामपूरकडची मंडळी आली होती, तेव्हाचं तर मी अजून विसरलेले नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना मी मान हलवून उत्तरं दिली. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी घुमी वाटते. आई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती आणि तू ओट्यापाशी उभा राहून चिवडा खात होतास.

"त्यांचं मत त्यांच्यापाशी," तू म्हणालास. "तुजं काय गेलं?"

"मामा, माझा अपमान झाला."

"अपमान त्यांनी आनला व्हय. तू घेतलास का?"

मी तिथून उठून गेले. तू बरोबर होतास आणि तेच असह्य होतं. त्या वेळी माझ्या बाजूने कोणीतरी आरडाओरडा करायला हवा होता. श्रीरामपूरला फोन करून दोन शब्द सुनावायला हवे होते. तू चिवडा खाल्लास आणि खारे दाणे वेचून माझ्यासाठी बाजूला ठेवलेस, कारण मला ते आवडतात. नंतर मी आले तेव्हा वाटीत दाणे होते आणि तू नव्हतास. आता मला वाटतं की तो तुझा आरडाओरडा होता. पण मामा, तो ऐकू येण्याइतका मोठा नव्हता.

गाडीचं मात्र वेगळं होतं. गाडीत मी घुमी नव्हते. तुझ्या त्या पांढऱ्या गाडीत उजवीकडे शिकणारा, डावीकडे तू, आणि तुझ्या पायाखाली तुझा वेगळा ब्रेक. तो एका सळईने माझ्या बाजूच्या ब्रेकला जोडलेला. तू दाबला की माझाही दबायचा. शिकायला लागले तेव्हा मी सारखी तुझ्या पायाकडे बघायचे आणि तू म्हणायचास, "माज्या चपलेत काय ठेवलंय? समोर बघ." लायसन्स मिळालं, तरी रविवारी मी यायचेच. आपण हायवेला जायचो. मला राहात्याहून कोपरगावला आणि परत, एकटीने चालवत जाता यायला हवं, असं तूच ठरवलं होतंस. "बस तुज्या हातात न्हाई," तू म्हणायचास, "गाडी हाय."

मग दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आले आणि तो रविवार आला.

पूल ओलांडल्यावर पुढे एक ट्रॅक्टर होता. मागे दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका की दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होता. गाणी एवढी मोठी लावलेली की त्याला माझा हॉर्न ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी बाहेर काढली. दुसऱ्या ट्रॉलीच्या अर्ध्यात असताना समोरून एसटी येताना दिसली. पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. गाडी जागच्या जागी बसल्यासारखी दबली. ट्रॉली पुढे सरकली. मी परत तिच्या मागे आले, उसाची पाती तुझ्या बाजूच्या काचेवर खरडत गेली, एसटी निघून गेली आणि गाडी बंद पडली. आणि त्या सगळ्यात, डोळ्याच्या कोपऱ्यातून, तुझा पाय खाली गेलेला मला दिसला.

"तू दाबलास," मी म्हटलं.

"न्हाई."

"मामा, मी पाहिलं. तू ब्रेक दाबलास."

"तू दाबलास म्हनून थांबली गाडी."

"खोटं बोलू नको ना! तू नसतास तर आज मी मेले असते."

तू बाटलीतलं पाणी प्यालास, बाटली मला दिलीस. म्हणालास, "मी काय केलं ते माजं. तू काय केलं ते तुजं. तू तुज्यापुरतं बघ की."

मग मी जे बोलले ते तुला आठवत असेल. तुझं सगळं तत्त्वज्ञान खोटं आहे म्हणाले. आपल्या हातात आहे तेवढंच बघायचं असं जगाला सांगतोस आणि स्वतःचा पाय दुसऱ्याच्या ब्रेकवर ठेवून बसतोस. तू ऐकून घेतलंस. आपण जागा बदलल्या आणि तू मला राहात्याला सोडलंस. त्यानंतर तू असेपर्यंत मी एकदाही स्टेअरिंगला हात लावला नाही. माझा जीव ज्याने वाचवला तो माणूस शेजारी असल्याशिवाय मला गाडी चालवता येत नाही, हे मला कळून चुकलं होतं. मग शिकून उपयोग काय? मी बसने ये-जा करत राहिले. दर रविवारी तुझा फोन यायचा. "येतीस का?" मी नाही म्हणायचे. "बरं," तू म्हणायचास. बस. एवढंच. कधी आग्रह नाही, कधी रुसवा नाही. ते "बरं" ऐकून मला फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा.

आणि मग तुझी छाती.

जिना चढताना दुखतं, असं मामीने आईला सांगितलं, आईने मला. मी तुला फोन केला. मी, जी कोणाला स्वतःहून फोन करत नाही. तू म्हणालास, "शरीर आपल्या हातात न्हाई, तूच वाचून दाखवलं हुतंस." मी म्हटलं, "शरीर नाही, पण डॉक्टरकडे जाणं आहे! तेही मीच वाचून दाखवलं होतं. आपण काय करायचं ते आपल्या हातात." तू नुसतं "हं" म्हणालास. मला वाटलं, जिंकले. मग म्हणालास, "ही लेडीज बॅच चाललीय, ती संपू दे." तू नुसता तुझ्या सोयीचा रोमन होतास, मामा. त्या लोकांनी दुखणं सोसायला सांगितलं होतं. डॉक्टरला दाखवू नका असं त्यांच्यातल्या एकानेही कुठे म्हटलेलं मला सापडलेलं नाही, आणि मी शोधलं आहे. हे भांडण अर्धं राहिलं. बॅच संपल्यावर पूर्ण करू, असं मी ठरवलं होतं.

दहाव्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी आणि मामी दोघीच होतो. कोथिंबीर निवडत होतो. मामी आपणहून त्या सकाळचं सांगायला लागली. मला वरवर माहीत होतं, की तू दवाखान्यात स्वतः गाडी चालवत गेलास. ते ऐकूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शेजारी रिक्षा आहे, समोर पोरं आहेत, अँब्युलन्सचा नंबर तू स्वतः गाडीच्या काचेवर चिकटवलेला आहेस.

"मी म्हनलं, कुनाला तरी बोलवा," मामी सांगत होती. "तर म्हनले, कोन येस्तोवर पोचू आपन. मला डावीकडं बसवलं. आन आधी खाली वाकून ती पिन बसवली."

"कसली पिन?"

"त्या सळईची गं. माज्या पायाखालचा बिरेक चालू केला. म्हनले, माज्या हातातून गेलं तर तू दाब. जोरात दाब, घाबरू नको. मी सारा रस्ता पाय ठिवून बसले. पन दाबायची येळच न्हाई आली बघ. दवाखान्याच्या दारात गाडी नीट लावली, हँडब्रेक वढला, चावी माज्या हातात दिली. आन मग..." तिने काडी मोडली आणि थांबली.

मी हातातली जुडी खाली ठेवली. मग विचारलं, "मामी, पिन बसवली म्हणजे? ती काढलेली होती?"

"तुज्यासाठी काढलेली हुती की," मामी म्हणाली, जसं काही हे सगळ्या कोपरगावला माहीत होतं. "तुजं लायसन आल्यापासनं. दर रविवारी सकाळी काढायचे, तू गेली की परत बसवायचे. तू यायची बंद झालीस तरी काढायचे. फोन करायच्या आधी. दवाखान्यात गेलो त्या दिवशी बी रविवारच हुता न्हवं का."

"आणि तो ट्रॅक्टर? तेव्हा पण?"

"तेव्हा बी. मी म्हनलं हुतं त्यांना, सांगून टाका पोरीला, उगं मनाला लावून घेतलंय तिनं. तर म्हनले, मी सांगून पटलं तर ते माजं झालं, तिचं न्हाई."

मामा, हे काय उत्तर झालं? पटलं असतं रे. तू फक्त मला वाकून बघायला सांगितलं असतंस, तर लोंबकळणारी सळई दिसली असती आणि मी तिथल्या तिथे मानलं असतं. एवढे रविवार वाया गेले नसते. तुझ्या शेजारी बसून चालवायचे रविवार होते ते. तू ते माझ्या समजुतीवर सोडून दिलेस आणि "बरं" म्हणत राहिलास. हे शहाणपण कसलं, हा हट्ट आहे. शांत माणसाचा हट्ट कोणाला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

पण मला दिसलं होतं तेही खरं होतं. तुझा पाय खाली गेला होता. तू दाबलाच होतास, मामा, जीव खाऊन दाबला होतास, आणि खाली काही नव्हतं. कोथिंबिरीच्या ढिगाऱ्यासमोर बसून मला हे कळलं आणि मला हसू आलं, मग रडू आलं. तुला स्वतःच्या पायाचा भरवसा नव्हता. माझ्यावर सगळं सोडून द्यायचं ठरवलंस तरी ऐन वेळी पाय ऐकणार नाही, हे तुला माहीत होतं. म्हणून तू सकाळीच, मन शांत असताना, पिन काढून ठेवायचास. घाटावर ज्याला स्थितप्रज्ञ म्हणाले तो माणूस आपल्या भाचीच्या काळजीने रिकामं पेडल दाबत होता. हे मला आधी सांगितलं असतंस तर त्या रोमन पाहुण्यांशी माझं कितीतरी आधी जमलं असतं. मला वाटायचं, शांत माणसाला काही होतच नाही. होतं, आणि ते त्याला आधीपासून माहीत असतं, एवढंच.

मात्र दवाखान्याचं मी तुला माफ केलेलं नाही. मामीला पायाखाली ब्रेक दिलास, तसा समोरच्या पोराला एक आवाजही देता आला असता. वाईट आधी मनात आणायची सवय होती ना तुला? मग सगळ्यात वाईट तेवढं कसं राहिलं?

काल मामीला तिच्या माहेरी न्यायचं होतं. विधी उरकले की बाईला माहेरच्यांनी न्यायचं असतं. राहात्याहून तिच्या भावाचा फोन आला. जीप घेऊन येतो, आणि तुझ्या गाडीला गिऱ्हाईक बघितलंय, तीही घेऊन जातो. मामीने फोन स्पीकरवर ठेवला होता.

"जीप कशाला?" ती म्हणाली. "घरची गाडी हाय. सायली आनती मला."

पलीकडून आवाज आला, "अगं आक्का, ती पोरगी? तिच्या तोंडातून शब्द फुटत न्हाई, ती हायवेला गाडी घालनार?"

मामीने माझ्याकडे पाहिलं. फोन माझ्यापुढे सरकवला. तुझ्याच घरातली बाई ती. हो किंवा नाही, माझं मीच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मी आणते मामीला, मामा. आणि गाडी विकायची नाही." मामीच्या भावाला मी मामाच म्हणते, पण तो शब्द उच्चारताना मला तू आठवलास.

गाडीत बसायच्या आधी मी वाकून पिन बघितली. तू त्या सकाळी बसवलेली, तशीच होती. काढायला एक क्षण पुरला असता. माझा हात तिच्यापर्यंत गेलासुद्धा. मग मी तो मागे घेतला. या बाबतीत मला तुझं पटत नाही, मामा. शेजारच्या माणसाच्या पायाखाली काहीतरी खरं असू दे. त्याने दाबला तर दाबला. मी काय करायचं ते तरीही माझंच राहतं.

मामीला हे सगळं सांगितलं. "पिन लावलेली आहे. भीती वाटली तर दाब." तिने मान हलवली, पट्टा लावून घेतला.

पूल ओलांडला. पुढे ट्रॅक्टर होताच. हंगाम संपत आला तरी यांचं संपत नाही. दोन ट्रॉल्या, लोंबणारा ऊस, तीच मोठ्याने लावलेली गाणी. मी बराच वेळ मागे राहिले. हॉर्न दिला नाही. रस्ता माझा नव्हता. मग पुढचं वळण गेलं आणि दूरपर्यंत मोकळं दिसलं. आरसा. इंडिकेटर. पुन्हा आरसा. मी गाडी बाहेर काढली. पहिल्यांदा मागची ट्रॉली, मग पुढची, मग ट्रॅक्टरचं ते मोठं चाक, मग चालवणाऱ्याचा हात, मडगार्डवर ताल धरलेला. मग समोर फक्त रस्ता.

गाडी पुन्हा डाव्या बाजूला घेतल्यावर मी मामीच्या पायांकडे बघितलं. चपला खाली पेडलपाशी नीट जोडून ठेवलेल्या होत्या. मामी सीटवर मांडी घालून बसली होती आणि पर्समधून शेंगा काढून सोलत होती.

बघ, मामा. पिन न काढताही जमतं.